मालकानंतरची कंपनी : केशवराव भोसले आणि ललितकलादर्श

मराठी संगीत रंगभूमीच्या वैभवकाळात ‘मालक’ आणि ‘नायिका’ ही बऱ्याचदा एकाच माणसाची दोन कामं असायची. दुपारी कचेरीत बसून थिएटरच्या भाड्याची घासाघीस करणारा माणूसच रात्री शालू नेसून रंगमंचावर उभा राहायचा. प्रेक्षक येत ते त्याचा गळा ऐकायला. सावकार पैसे देत तेही त्याच गळ्याकडे बघून. त्यामुळे गळा बसला की गल्ला बसला आणि माणूस गेला की कंपनी गेली, हा त्या धंद्याचा नेम होता. भाऊराव कोल्हटकर १९०१ साली गेले, तेव्हा किर्लोस्कर मंडळीची काय अवस्था झाली हे सगळ्या नाट्यव्यवसायाने पाहिलं होतं. नारायण राजहंस (म्हणजेच बालगंधर्व) नावाचा नवा गळा १९०५ साली मिळेपर्यंत ती कंपनी चाचपडतच होती.

केशवराव भोसले यांचं प्रकरण या नेमात बसत नाही, म्हणून ते सविस्तर मांडण्याजोगं आहे. ९ ऑगस्ट १८९० रोजी कोल्हापुरात जन्मलेला हा नट ४ ऑक्टोबर १९२१ रोजी विषमज्वराने गेला. वय ३१. कंपनी काढून चौदा वर्षंसुद्धा पुरती झाली नव्हती. तरी त्याची ‘ललितकलादर्श’ पुढच्याच वर्षी नवं नाटक घेऊन उभी राहिली आणि पुढे शताब्दीपर्यंत पोचली. त्याच्याहून दोन वर्षांनी मोठे, त्याच्याहून जास्त लोकप्रिय आणि ७९ वर्षं जगलेले बालगंधर्व मात्र आपली कंपनी आपल्याच हयातीत विसर्जित होताना पाहून गेले. यात दैवाचा भाग किती आणि केशवरावांनी घेतलेल्या निर्णयांचा किती, हा या अभ्यासाचा प्रश्न.

शारदेच्या वयाचा शारदा

केशवराव नाटकात हौसेने आले नाहीत. घरची गरिबी, वडिलांचं छत्र हरपलेलं, पदरी लहान मुलं. आई जानकीबाईंनी मुलाला स्वदेशहितचिंतक नाटक मंडळीत घातलं तेव्हा तो पाच वर्षांच्या आत-बाहेरचा होता. जनुभाऊ निमकरांची ही कंपनी. त्या काळी गरिबाघरच्या गोड गळ्याच्या पोराला नाटक कंपनीत घालणं म्हणजे एक ताट कमी करणं होतं. कंपनी जेवायला घाली, कपडे देई, गाणं शिकवी, आणि मुलगा अमुक इतकी वर्षं सोडून जाणार नाही असा कागद पालकांकडून करून घेई. पोरगा एका अर्थी गहाणच पडायचा. सकाळी तालीम, दुपारी पदं घोटणं, रात्री खेळ, आणि मुक्काम हलला की बैलगाडी नाहीतर आगगाडी. शाळा कुठे दिसते का? शाळा म्हणजे कंपनीचे तालीममास्तर आणि त्यांची छडी.

या मुलाने नाव काढलं ते गोविंद बल्लाळ देवलांच्या ‘शारदा’मध्ये. किर्लोस्कर मंडळीने १८९९ साली इंदूरला हे नाटक पहिल्यांदा केलं. म्हाताऱ्या भुजंगनाथाला विकल्या जाणाऱ्या कोवळ्या मुलीची ही गोष्ट. पुढे स्वदेशहितचिंतकने ते उचललं आणि शारदेचं काम केशवकडे आलं. इथे एक गोष्ट जवळून पाहण्यासारखी आहे. स्त्री-पार्ट करणारे बहुतेक नामवंत नट विशी-तिशीचे. मिसरूड फुटलेल्या पुरुषाने चौदा-पंधरा वर्षांची मुलगी करायची, तर चालणं, लाजणं, पदर सावरणं सगळं अभ्यासाने आणावं लागे. केशव शारदेच्याच वयाच्या आसपासचा. त्यात आईपासून तुटलेला, दुसऱ्याने केलेल्या कराराने बांधलेला. ‘मूर्तिमंत भीती उभी मजसमोर राहिली’ हे पद त्या पोराने म्हटलं की प्रेक्षकांत हुंदके फुटत, ही आठवण जुन्या नाटकवाल्यांनी वारंवार सांगितली आहे. मला त्यात नवल वाटत नाही. मोठ्यांच्या व्यवहारात आपली किंमत ठरते हे त्याला शारदेइतकंच ठाऊक होतं. फरक इतकाच की त्याची किंमत रोज वाढत होती आणि ती मालकाच्या पेटीत जमा होत होती.

वन्स मोअरचा हिशेबही समजून घेतला पाहिजे. ध्वनिवर्धक नव्हता. गॅसच्या नाहीतर किटसनच्या दिव्यांत, हजारभर माणसांच्या गर्दीत, शेवटच्या बाकापर्यंत शब्द पोचवायचा तो फुप्फुसाच्या जोरावर. एक पद लोकांना आवडलं की तीन-तीनदा, चार-चारदा म्हणायचं. खेळ रात्री सुरू व्हायचा आणि उजाडताना संपायचा. कोवळ्या गळ्यावर हा भार वर्षानुवर्षं पडला की एक तर आवाज फुटताना कायमचा बिघडतो, किंवा तो पोलादासारखा निघतो. केशवरावांचा दुसऱ्या जातीचा निघाला. उंच पट्टी, टोकदार आवाज, दाणेदार द्रुत तान. पुढे त्याला शिस्त लावली रामकृष्णबुवा वझ्यांनी. वझेबुवा ग्वाल्हेर परंपरेचे. शिकण्यासाठी स्वतः उपाशीतापाशी वणवण केलेले, त्यामुळे शिष्याचे लाड करणारे नव्हेत. नट गवयाकडून पदाच्या चाली घेतो, तो एक प्रकार. नट गवयाकडे रीतसर शागिर्दी करतो, तो दुसरा. केशवरावांनी दुसरा स्वीकारला, आणि त्याचे परिणाम कंपनीच्या पुढच्या इतिहासात दिसतात.

हुबळी, १ जानेवारी १९०८

सतरा वर्षांच्या मुलाने चालती कंपनी सोडली आणि हुबळीला स्वतःची काढली. नाव ठेवलं ‘ललितकलादर्श’. हुबळी का, असा प्रश्न आज पडेल. तेव्हा पडला नसता. मुंबई इलाख्यातला तो कर्नाटकी टापू म्हणजे हुबळी, धारवाड, गदग, बेळगाव. मराठी संगीत नाटकाचं ते माहेरच म्हणावं, कारण खुद्द अण्णासाहेब किर्लोस्कर बेळगावकडच्या गुर्लहोसूरचे. कानडी बोलणारा प्रेक्षक मराठी पदं तोंडपाठ म्हणायचा. हुबळीला रेल्वेचं मोठं ठाणं, कारखाना, व्यापारी पेठ. नाटक कंपनीला पडदे, पेट्या, माणसं हलवायची तर रेल्वे हाताशी हवी आणि तिकीट काढणारा नोकरदार हवा. आणखी एक: पुणे-मुंबईत किर्लोस्कर मंडळीशी पहिल्याच दिवशी टक्कर घेण्यापेक्षा दूरच्या मुलखात पाय रोवणं शहाणपणाचं होतं.

सुरुवातीला जुनीच नाटकं. ‘सौभद्र’, ‘शारदा’ ही सगळ्याच संगीत कंपन्यांची भाकरी. त्यांवर घर चालतं, नाव होत नाही.

या टप्प्यावर नवा मालक सहसा एक चूक करतो, आणि मराठी रंगभूमीने ती अनेकदा पाहिली आहे. कंपनीत आपल्या तोडीचं दुसरं कुणी राहू द्यायचं नाही. सगळी चांगली पदं आपल्याला, सगळे प्रवेश आपल्याभोवती. केशवरावांनाही स्वतःच्या गाण्याचा सोस होता, यात शंका नाही, त्याशिवाय प्रेक्षक आलेच नसते. पण त्यांच्याच छायेत व्यंकटेश बळवंत पेंढारकर, म्हणजे बापूराव, हा गाता नट तयार होत होता. केशवरावांहून दोनच वर्षांनी लहान. मालकापेक्षा दोन वर्षांनी लहान, गाणारा, दिसायला बरा, आणि वझेबुवांचीच तालीम घेणारा माणूस कंपनीत असणं हे मालकाच्या दृष्टीने धोक्याचं. त्याला वाढू देणं हा या प्रकरणातला पहिला खरा निर्णय मी मानतो.

आणखी एक बाब जाता जाता सांगायला हवी, कारण आज ती सहज विसरली जाते. मराठी नाट्यव्यवसायात मालक, नाटककार आणि प्रमुख नट बहुतांशी ब्राह्मण. केशवराव मराठा. शाहू महाराजांच्या कोल्हापुरात वेदोक्त प्रकरणानंतर जातीचा प्रश्न धगधगता होता. अशा काळात मराठा मालकाच्या कंपनीत ब्राह्मण नट, ब्राह्मण गवई, ब्राह्मण नाटककार एकत्र नांदले, आणि शेवटी कंपनी गेली ती पेंढारकरांकडे. याचं भाबडं कौतुक करायचं कारण नाही. नाटक कंपनीच्या पंक्तीतही भेद असत. पण गादी जातीत किंवा घरात गेली नाही, एवढं नोंदवलंच पाहिजे.

नाटकं कोणाकडून घ्यायची

गंधर्वांना खाडिलकर मिळाले, गडकरी मिळाले. ‘मानापमान’ १९११, ‘स्वयंवर’ १९१६, ‘एकच प्याला’ १९१९. बड्या नाटककारांची बडी नाटकं बड्या कंपन्यांकडे जाणार हे ठरलेलं. मग उरलेल्यांनी काय करायचं? ललितकलादर्शने नव्या माणसांची नाटकं घेतली. अमरावतीचे वीर वामनराव जोशी यांचं ‘राक्षसी महत्त्वाकांक्षा’ हे त्यातलं पहिलं मोठं यश. त्यात केशवरावांची मृणालिनी गाजली. वामनराव राजकारणातले जहाल गृहस्थ. खाडिलकरांच्या ‘कीचकवध’वर सरकारने १९१० साली बंदी घातल्यावर असल्या नाटककाराचं नाटक रंगभूमीवर आणणं हे बिनधोक काम नव्हतं.

मग आले भार्गवराम विठ्ठल वरेरकर, म्हणजे मामा वरेरकर. टपाल खात्यात नोकरी केलेला हा कोकणी माणूस, लेखणी तिरकस आणि तोंड त्याहून तिरकस. १९१६ साली ‘हाच मुलाचा बाप’, विषय हुंडा. १९१९ साली ‘संन्याशाचा संसार’, विषय धर्मांतर. ‘शारदा’सारखे अपवाद सोडले तर तोवरच्या संगीत नाटकात राजपुत्र, ऋषिकन्या, सेनापती नाहीतर दिवाणखान्यातली श्रीमंत माणसं. वरेरकरांच्या नाटकात हुंड्यासाठी अडून बसलेला वरबाप आला, तोही प्रेक्षकांतून उचलल्यासारखा. पिटात बसलेल्या कारकुनाला तो ओळखता यायचा, कारण आदल्याच महिन्यात त्याच्या बहिणीच्या लग्नात तो भेटलेला.

यातला धंद्याचा मुद्दा असा. पौराणिक नाटक उभं राहतं गळ्यावर आणि पोशाखावर. तिथे गळा बदलला की प्रेक्षक बदलतो. सामाजिक नाटकात विषयही तिकीट विकतो. म्हणजे मुख्य नट आजारी पडला तरी हुंड्याचं नाटक हे हुंड्याचं नाटकच राहतं, दुसऱ्या नटाच्या तोंडून ते निदान ऐकवतं. ‘स्वयंवर’ची रुक्मिणी बालगंधर्वांशिवाय ही कल्पना त्या काळच्या प्रेक्षकाला करवतच नव्हती. केशवरावांनी हे गणित मांडून निर्णय घेतला असेल, असं मी म्हणणार नाही. कदाचित खाडिलकर मिळाले असते तर त्यांनी आनंदाने खाडिलकरच केले असते. पण अडचणीतून घेतलेली वाट कंपनीच्या पथ्यावर पडली.

रंगमंचाच्या बाजूनेही हीच वृत्ती दिसते. तोवर समोर असायचा रंगवलेला दर्शनी पडदा. देवादिकांचं किंवा निसर्गाचं चित्र, खाली बांबू, दोरी ओढली की गुंडाळत वर जाणार, आणि कधी मध्येच अडकला की पिटातून शिट्ट्या. त्याच्या जागी चुण्यांचा मखमली पडदा मराठी रंगभूमीवर आणल्याचं श्रेय केशवरावांना दिलं जातं. मखमल महाग. पण तिचा खर्च एकदाचा, आणि ती कोणत्याही नाटकाला चालते. कंपनीच्या मालमत्तेत पडून राहते. ‘द्रौपदी’साठी १९२० साली बालगंधर्वांच्या गंधर्व मंडळीने जी मयसभा उभी केली तिच्या थाटाची वर्णनं अजून सांगितली जातात, पण मयसभा दुसऱ्या कोणत्या नाटकाला लावणार?

बालीवाला थिएटर

८ जुलै १९२१ ची मुंबईच्या बालीवाला थिएटरमधली रात्र हा केशवरावांच्या कारकिर्दीचा कळस समजला जातो. त्या रात्री ‘संयुक्त मानापमान’ झालं. बालगंधर्व नायिका भामिनी, केशवराव नायक धैर्यधर. कारण टिळक स्वराज्य फंड. लोकमान्य जाऊन वर्ष व्हायचं होतं. बेझवाड्याला काँग्रेसने एक कोट रुपये जमवायचा संकल्प सोडला होता, मुदत ३० जून. ती आठवडाभरापूर्वीच उलटली होती, पण देणग्यांचा भर ओसरला नव्हता. या रात्रीत टिळकांचे धागे चहूकडून गुंतलेले. नाटक ‘केसरी’तल्या त्यांच्या सहकाऱ्याचं, खाडिलकरांचं. भामिनी करणाऱ्याला ‘बालगंधर्व’ हे नाव खुद्द टिळकांनी दिल्याचं सगळा महाराष्ट्र सांगत होता. आणि फंडही टिळकांच्याच नावाचा. तिकिटाचे दर बोलीवर गेल्यासारखे चढले. सर्वांत वरचं तिकीट शंभर रुपयांचं होतं असं सांगतात, ज्या काळात कारकुनाचा महिन्याचा पगार त्याच्या निम्म्यानेही नसे.

नाट्यवेड्यांसाठी ही झुंज होती. कोण कोणाला खाणार? तशी ती वाटावी अशीच मांडणी होती. गंधर्वांचं गाणं शब्दाला लाडाने खेळवणारं, लयीच्या अंगाने झुलणारं, ऐकणाऱ्याला वाटावं की हे आत्ताच सुचलं. केशवरावांचं चढं, तेजाचं, तानेत बिजली. ‘चंद्रिका ही जणू’ आणि ‘रवि मी’ ही धैर्यधराची पदं, ‘मला मदन भासे हा’ आणि ‘नाही मी बोलत नाथा’ ही भामिनीची. दोन्ही गळे पुरुषांचे, त्यातला एक स्त्रीचा. एकाच रंगमंचावर, एकाच साथीवर, लागोपाठ.

पण या रात्रीकडे मला वेगळ्या बाजूने पाहायचं आहे. ‘मानापमान’ मुळात नारायणरावांचं नाटक. १२ मार्च १९११ ला किर्लोस्कर मंडळीने ते प्रथम केलं तेव्हापासून भामिनी त्यांची. पहिल्या प्रयोगाच्या दिवशी त्यांची तान्ही मुलगी वारली आणि तरी ते उभे राहिले, ही गोष्ट घरोघरी माहीत. पहिले धैर्यधर नानासाहेब जोगळेकर त्याच वर्षाच्या अखेरीस गेले, त्यानंतर धैर्यधर होऊन गेले अनेक, पण भामिनी एकच. म्हणजे केशवराव त्या रात्री परक्याच्या अंगणात खेळायला गेले होते. प्रेक्षकांच्या मनात भामिनी ठसलेली, चाली ठसलेल्या, जागा ठसलेल्या. शिवाय ज्याने शारदा, सुभद्रा, मृणालिनी करून नाव मिळवलं त्याने मुंबईच्या सर्वांत मोठ्या स्त्री-पार्टी नटासमोर पुरुषभूमिकेत उभं राहायचं. सोपी गोष्ट नव्हे. आपणही भामिनी चांगली करतो असा हट्ट धरला असता तर प्रयोगच झाला नसता.

स्त्री-भूमिकेतून पुरुषभूमिकेत जाणं हा त्या पिढीच्या प्रत्येक नटाच्या आयुष्यातला कठीण सांधा. वय वाढतं, देह रुंदावतो, पण प्रेक्षकाला तीच छबी हवी असते. बालगंधर्वांनी हा सांधा वेळेवर ओलांडला नाही. पन्नाशी उलटल्यावरही ते नायिकाच करत राहिले, आणि १९३५ साली प्रभातच्या ‘धर्मात्मा’त एकनाथ म्हणून दिसले तेव्हा चाहते हळहळले. (दिग्दर्शक शांताराम. पोरवयात ते गंधर्व मंडळीतच उमेदवारी करून गेलेले.) केशवराव तिशीतच तो सांधा ओलांडून धैर्यधरापर्यंत आले होते. पुढची वीस वर्षं या माणसाने काय केलं असतं, याच्या कल्पना करून चाहत्यांनी पानं भरली आहेत. मी त्यात भर घालत नाही.

त्यानंतर ‘संयुक्त सौभद्र’ही झालं. दोन कंपन्यांनी असं एकत्र यावं, ही सवयच पडते की काय असं वाटू लागलं होतं. जुलैपासून तीन महिने पुरते व्हायच्या आत केशवराव गेले.

४ ऑक्टोबरनंतर

मालक गेल्यावर नाटक कंपनीत काय होतं ते ठरलेलं असायचं. सावकार आधी पोचतो. मग चार बरे नट दुसऱ्या कंपनीशी बोलणी लावतात. पडदे आणि पोशाख यांवर टाच येते. पन्नास-पाऊणशे पानं रोज उठत असलेल्या घरात चूल थंडावते. खुद्द किर्लोस्कर मंडळी १९१३ साली बालगंधर्व, गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस बाहेर पडल्यावर पुन्हा पूर्वीच्या तोऱ्यात उभी राहिली नाही, आणि तिथे तर कोणी मेलंही नव्हतं.

ललितकलादर्शची धुरा केशवरावांनी अंतकाळी बापूराव पेंढारकरांकडे सोपवली, असं नाट्यइतिहासात नमूद आहे. नात्याचा नाही, जातीचा नाही, कंपनीतला एक नट. बापूरावांनी १९२२ साली वरेरकरांचं ‘सत्तेचे गुलाम’ रंगभूमीवर आणलं. गांधीयुगाचं नाटक. चित्रकार पु. श्री. काळे यांनी त्यासाठी रंगवलेल्या पडद्यांऐवजी बंदिस्त खोलीचं नेपथ्य केलं. भिंती, दारं, खिडक्या, खरं वाटावं असं घर. म्हणजे मालकाच्या मृत्यूनंतर वर्षभरात कंपनीने नुसता तग धरला नाही, तर नाटककार तोच ठेवून पुढचं पाऊल टाकलं. लगेच पुढच्या वर्षी ‘तुरुंगाच्या दारात’. प्रेक्षकाला केशवरावांचा गळा हवा होता, तो मिळणार नव्हता. पण ललितकलादर्शकडे जायचं ते वरेरकरांचं नवं काही बघायला, ही सवय १९१६ पासून लागलेली होती. ती कामी आली.

वझेबुवाही कंपनीशी बांधलेले राहिले. इथे आधी उल्लेखलेली शागिर्दी उपयोगी पडली. पदांच्या चाली एका नटाच्या गळ्याच्या मापाने शिवलेल्या नसतील, तर त्या दुसऱ्या गळ्यावरही चढतात. केशवराव आणि बापूराव एकाच उस्तादाचे. घराणं तेच, गायकीचा बाज तोच. गंधर्व मंडळीत भास्करबुवा बखले, मास्तर कृष्णराव यांसारखे थोर संगीतकार आणि अहमदजान थिरकवा, कादरबक्ष यांसारखे साथीदार होते. संगीताच्या बाजूने ती कंपनी अधिक श्रीमंत, यावर वाद नको. पण ती सगळी श्रीमंती एकाच गळ्याच्या सेवेला होती.

कर्जाबद्दल बोलायचं तर त्या वेळच्या सगळ्याच कंपन्या उधारीवर चालत. अत्तराचे फाये आणि अस्सल शालू यांसाठी गंधर्वांना नावं ठेवली जातात. मला ती टीका थोडी अन्यायाची वाटते. प्रेक्षकाला जे हवं तेच ते देत होते, आणि प्रेक्षकानेच ते डोक्यावर घेतलं. बोलपट आल्यावर तोच प्रेक्षक चार आण्यांच्या तिकिटाकडे वळला. दीनानाथ मंगेशकरांची बलवंत संगीत मंडळीही त्याच वादळात सापडली.

या मांडणीवरचा आक्षेप

वरची मांडणी वाचून कोणी म्हणेल की हे नंतर जुळवलेलं आहे. आक्षेपात तथ्य आहे. ललितकलादर्श टिकली, पण कशी? बापूराव हेही गायक-नट आणि मालकच. म्हणजे एका गळ्याची जागा दुसऱ्या गळ्याने घेतली, कंपनीचा घाट बदलला नाही. १५ मार्च १९३७ ला बापूराव गेले आणि मग कंपनी खरोखरच थांबली. तेव्हा हाताशी दुसरा तयार बापूराव नव्हता. वरेरकरांची नाटकं होती, मखमल होती, नाव होतं. तेवढ्यावर भागलं नाही.

सुरुवात पुन्हा झाली ती १९४२ मध्ये, बापूरावांचे चिरंजीव भालचंद्र यांनी ‘सत्तेचे गुलाम’मध्ये वैकुंठची भूमिका केली तेव्हा. भालचंद्रांचा जन्म २५ नोव्हेंबर १९२१ चा, केशवरावांच्या मृत्यूनंतर दीड महिन्याने. त्यांनाही तालीम वझेबुवांचीच. तिसऱ्या पिढीला तोच उस्ताद. पुढे ‘दुरितांचे तिमिर जावो’, विद्याधर गोखल्यांचं ‘पंडितराज जगन्नाथ’, ‘जय जय गौरीशंकर’. संगीत नाटक संपलं असं लोक म्हणत होते त्या काळात ही नाटकं शेकड्यांनी चालली. मात्र हा वारसा आता घरातला होता. नटाकडून नटाकडे गेलेली कंपनी बापाकडून मुलाकडे गेली.

म्हणून केशवरावांच्या बाजूने मी एवढंच म्हणेन: १९२१ चा पूल त्यांनी आधी बांधून ठेवलेल्या तीन खांबांवर उभा राहिला. कंपनीतला दुसरा गायक-नट, सामाजिक विषयांचा नाटककार आणि व्यक्तीपेक्षा परंपरेवर उभं असलेलं संगीत. १९३७ ला त्यातला पहिला खांब नव्हता आणि पूल पाच वर्षं तुटला.

कोल्हापुरात आज केशवरावांचं नाव मुख्यतः इमारतीला आहे. शाहू महाराजांनी खासबाग मैदानाला लागून बांधलेलं पॅलेस थिएटर, १९१५ साली पुरं झालेलं, पुढे केशवराव भोसले नाट्यगृह झालं. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते आगीत जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. गावाने हळहळ केली, नाट्यगृह होतं तसंच पुन्हा उभारायची मागणी केली, आणि ते योग्यच आहे. मात्र त्या बातम्यांत नाट्यगृहाबद्दल जेवढं लिहून आलं त्याच्या दशांशानेही ललितकलादर्शबद्दल आलं नाही. केशवरावांनी इमारत बांधली नव्हती, ती महाराजांची होती. त्यांनी काढली ती कंपनी, आणि ती काढली हुबळीत.